‘अधिकारवृद्धी’ की अधिकारदोष? : एका प्रिंटर-ड्रायव्हरची संहिताचिकित्सा

१

संगणकाच्या सुरक्षिततेविषयी जे लेखन होते ते बहुतांशी तंत्रज्ञांनी तंत्रज्ञांसाठी केलेले असते. त्यातील संज्ञांकडे व वाक्यरचनेकडे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः ह्या लेखनाचा विषय म्हणजे संहिताच होय. कोणी तरी लिहिलेल्या, कोणी तरी उतरवून घेतलेल्या आणि पुष्कळदा कोणीही न वाचलेल्या अशा ह्या संहिता असतात. प्रोग्राम ही एका नियमबद्ध भाषेत केलेली रचना आहे. तीत आज्ञा असतात, अटी असतात, आणि कोणाच्या शब्दावर कितपत विश्वास ठेवावयाचा ह्याविषयीचे निर्णयही असतात. तेव्हा अशा रचनेत दोष आढळला, तर तो दोष नेमका कशात आहे आणि त्याला दिलेले नाव यथार्थ आहे किंवा नाही, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा मानण्याचे कारण नाही.

सेंटिनेलवन ह्या सुरक्षाक्षेत्रातील कंपनीच्या संशोधकांनी २० जुलै २०२१ रोजी प्रसिद्ध केलेला एक अहवाल ह्या दृष्टीने चिकित्सेस योग्य आहे. एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स ह्या तीन नावांनी विकल्या गेलेल्या अनेक प्रिंटरांबरोबर येणाऱ्या एका ड्रायव्हरमध्ये गंभीर दोष असल्याचे ह्या अहवालाने दाखवून दिले. ड्रायव्हरच्या फाइलीचे नाव ‘एसएसपोर्ट’. दोषाला सीव्हीई-२०२१-३४३८ असा नोंदक्रमांक मिळाला, आणि त्याची तीव्रता दहापैकी ८.८ ठरविण्यात आली. एचपी व सॅमसंग ह्यांची ३८० हून अधिक आणि झेरॉक्सची किमान बारा मॉडेले त्याच्या कक्षेत येत होती. हा ड्रायव्हर २००५ पासून वितरणात होता. म्हणजे दोष उघडकीस येईपर्यंत सोळा वर्षे लोटली होती.

अहवालाने दोषाची जागा अचूक दाखविली ह्यात शंका नाही. परंतु त्या दोषाचे वर्गीकरण ज्या संज्ञेने झाले आणि तो ज्या रूपकांच्या आधारे सांगितला गेला, त्यांमुळे वाचकाचे लक्ष दोषाच्या मूळ स्थानापासून दूर जाते, आणि त्याबरोबर उत्तरदायित्वाचा प्रश्नही दूर सरतो. प्रस्तुत विवेचनाचा हा मुख्य मुद्दा आहे.

२

प्रथम दोषाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम संगणकातील कारभाराचे दोन थर पाडते. वापरकर्ता जे प्रोग्राम चालवितो ते बाहेरच्या थरात चालतात. त्यांना एकमेकांच्या स्मृतीला हात लावता येत नाही, यंत्राच्या भागांशी थेट व्यवहार करता येत नाही, आणि ज्या वापरकर्त्याच्या नावाने ते चालतात त्याला असतील तेवढेच अधिकार त्यांना मिळतात. आतला थर म्हणजे ‘कर्नल’, अर्थात गाभा. तेथे चालणाऱ्या सूचनांवर बहुतेक कोणाचीही देखरेख नसते, कारण देखरेख करणारी यंत्रणाच तेथे राहते. ड्रायव्हर म्हणून ओळखले जाणारे पुष्कळसे प्रोग्राम ह्याच गाभ्यात चालतात. प्रिंटर बनविणारी कंपनी जो ड्रायव्हर देते तो बाहेरून आलेला असूनही घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत वस्ती करतो.

बाहेरच्या प्रोग्रामला ड्रायव्हरकडून काही हवे असल्यास तो विनंती पाठवितो. विनंतीबरोबर काही मजकूर असतो, आणि तो ठेवण्यासाठी ड्रायव्हरने स्मृतीत ठरावीक लांबीची जागा राखून ठेवलेली असते. तिला ‘बफर’ म्हणतात. एसएसपोर्टमधील एक फंक्शन असा बाहेरून आलेला मजकूर आपल्या बफरमध्ये उतरवून घेत असे. किती अक्षरे उतरवावयाची हा आकडाही विनंती करणाऱ्यानेच पाठविलेला असे, आणि तो आपल्या बफरात मावतो किंवा नाही हे ड्रायव्हर पाहत नसे. मोठा आकडा आला की मजकूर राखून ठेवलेल्या जागेबाहेर वाहून जाई आणि गाभ्यातील शेजारच्या स्मृतीवर लिहिला जाई. दोष एवढाच. सामान्य अधिकार असलेल्या कोणाही वापरकर्त्याच्या प्रोग्रामला ही विनंती करता येत होती, आणि म्हणून गाभ्यातील स्मृती बिघडविण्याची वाट त्याला मोकळी झाली होती.

उतरवून घेण्याच्या कामी जे फंक्शन वापरले होते त्याची कथा उद्‌बोधक आहे. सी भाषेतील ‘स्ट्रएनकॉपी’ हे ते फंक्शन. अमर्याद नक्कल करणाऱ्या ‘स्ट्रकॉपी’पेक्षा ते सुरक्षित आहे असा समज फार पसरलेला आहे, कारण त्याच्या नावातील ‘एन’ हे अक्षर मर्यादेचे वाचक आहे. मूळात मात्र ते सुरक्षिततेसाठी निर्माण झाले नव्हते. जुन्या युनिक्समध्ये फाइलींची नावे चौदा अक्षरांच्या ठरावीक चौकटीत लिहिली जात. अशा चौकटी भरण्यासाठी हे फंक्शन आले. नाव लहान असेल तर उरलेली जागा ते शून्यांनी भरून काढते. ह्या वर्तनाचा परिणाम असा होतो की एन हा आकडा बफरपेक्षा मोठा असल्यास मजकूर आखूड असूनही बफर ओसंडतो, कारण उरलेली शून्येही कोठे तरी लिहावी लागतातच.

येथे भाषाशास्त्रज्ञाला परिचित असा एक प्रकार दिसून येतो. वाक्याचे रूप व्याकरणशुद्ध असते, पण ज्या अर्थासाठी ते रूप योजिले तो अर्थ त्यात उरलेला नसतो. ‘एन’ अक्षरे उतरव, ह्या आज्ञेत मर्यादेचे स्थान आहे. ते भरलेही आहे. परंतु ते घेणाऱ्याच्या मापाने भरावयाचे की देणाऱ्याच्या, हे फंक्शनचे रूप सांगत नाही. एसएसपोर्टच्या कर्त्याने ते देणाऱ्याच्या मापाने भरले. मर्यादेचा प्रत्यय तसाच राहिला आणि मर्यादा नाहीशी झाली. वरवर चाळणाऱ्या वाचकाला अशा ओळीत सावधगिरीच दिसेल, आणि हेच ह्या दोषाचे दीर्घायुष्याचे एक कारण असावे.

मर्यादा कोणी आखावयाची हा प्रश्न दप्तराच्या जगात नवा नाही. शिवकालीन राजपत्रांच्या अखेरीस मर्यादेची मुद्रा उमटविण्याचा प्रघात होता. मजकूर येथे संपला, ह्यापुढे कोणी काही वाढविल्यास ते ग्राह्य नाही, असा तिचा अभिप्राय. ही मुद्रा पत्र काढणाऱ्या कचेरीजवळ असे. अर्ज घेऊन आलेल्या माणसाच्या हाती ती देण्याची कल्पना कोणा कारकुनाला सुचली असती तर त्याची नोकरी राहिली नसती. एसएसपोर्टने नेमके हेच केले होते.

३

अशा दोषाचा समावेश ज्या वर्गात होतो त्या वर्गाचे रूढ इंग्रजी नाव मराठीत ‘अधिकारवृद्धी’ असे उतरविले जाते. मूळ संज्ञेत जिन्याची किंवा शिडीची प्रतिमा आहे. खालच्या पायरीवर असलेला माणूस वरच्या पायरीवर चढतो, त्याचे अधिकार वाढतात, असे चित्र ती उभे करते. प्रस्तुत उदाहरणाला हे चित्र लावून पाहिले असता ते बसत नाही. सामान्य वापरकर्त्याचे अधिकार कोणत्याही क्षणी वाढलेले नसतात. कोणत्याही नोंदवहीत त्याच्या नावापुढे नवा हक्क लिहिला गेलेला नसतो. गाभ्यात लिहिण्याचा अधिकार ड्रायव्हरचा होता, तो ड्रायव्हरनेच वापरला, आणि लिहिलेही ड्रायव्हरनेच. फक्त काय व किती लिहावयाचे हे दुसऱ्याने ठरविले. म्हणजे येथे आरोहण नाही. एकाचा शब्द दुसऱ्याच्या अधिकाराने उच्चारला गेला आहे. पुढे त्या बिघडलेल्या स्मृतीच्या आधारे आक्रमक आपल्या नावावर जादा अधिकार मिळवू शकेल, हे खरे. पण तो परिणाम होय, दोष नव्हे.

ह्या भेदाची जाणीव संगणकशास्त्रात पूर्वीच झालेली आहे. नॉर्म हार्डी ह्यांनी १९८८ मध्ये एक छोटासा लेख लिहून ‘गोंधळलेला मुतालिक’ असे ज्याचे भाषांतर करता येईल असे नाव ह्या प्रकाराला दिले. त्यांचे उदाहरण एका कंपायलरचे होते. वापराची आकडेवारी आपल्या फाइलीत लिहिता यावी म्हणून त्या कंपायलरला एका संचिकेत लिहिण्याचा खास परवाना दिलेला होता. त्याच संचिकेत ग्राहकांच्या बिलांची फाइलही होती. एका वापरकर्त्याने आपल्या प्रोग्रामच्या तपासणीचा मजकूर कोठे लिहावा ह्या प्रश्नाला उत्तर म्हणून बिलांच्या फाइलीचे नाव दिले. कंपायलरने इमानेइतबारे तेथे लिहिले आणि बिलांचा हिशेब पुसला गेला. त्या वापरकर्त्याला बिलांच्या फाइलीला स्पर्श करण्याचाही अधिकार नव्हता, आणि तो त्याला मिळालाही नाही. मुतालिकाच्या हाती दोन धन्यांचे अधिकार होते, आणि कोणते काम कोणाच्या अधिकाराने करावयाचे हे त्याला कळले नाही.

पाणिनीय व्याकरणाच्या अभ्यासकाला ‘अधिकार’ हा शब्द दुसऱ्या एका अर्थाने ठाऊक आहे. अधिकारसूत्र स्वतःच्या जागी काही विधान करीत नाही. पुढील सूत्रांवर त्याची सत्ता चालते, आणि ती कोठपर्यंत चालावी हे ठरविणे सूत्रकाराचे काम असते. ही व्याप्ती दाखविण्यासाठी स्वराच्या खुणेची योजना होती. पाठपरंपरेच्या ओघात त्या खुणा लुप्त झाल्या, आणि एकेका अधिकाराची सीमा कोणती हे टीकाकारांच्या परंपरेवरून समजून घ्यावे लागले. ह्या दृष्टान्ताचा उपयोग एवढाच की अधिकार ही व्यक्तीच्या अंगी चिकटलेली, कमीजास्त होणारी राशी आहे असे मानण्याऐवजी ती एका सीमेच्या आतील सत्ता आहे असे मानले, म्हणजे दोषाचे स्थान स्पष्ट होते. सीमा आखणारा चुकला किंवा सीमेची खूण नाहीशी झाली, की सत्ता नको तेथे चालू लागते. ज्याच्यावर ती चालते त्याने काही विशेष पराक्रम केलेला असतोच असे नाही.

ह्यावर असा आक्षेप येणे शक्य आहे की संज्ञा ही केवळ खूण असते, तिच्या व्युत्पत्तीत शिरणे अनावश्यक होय. शिवाय दोषाचे कारण बफर ओसंडणे आणि परिणाम अधिकारवृद्धी, अशी वेगळी नोंद तज्ज्ञ करतातच. आक्षेपाचा दुसरा भाग मान्य करण्यासारखा आहे. परंतु व्यवहारात संस्थाचालकांपर्यंत, ग्रंथालयाच्या व्यवस्थापकांपर्यंत आणि सामान्य वापरकर्त्यापर्यंत जो शब्द पोहोचतो तो परिणामाचा. ‘वृद्धी’ म्हटले की कोणाची, हा प्रश्न प्रथम येतो आणि उत्तर ‘आक्रमकाची’ असे मिळते. ‘दोष’ म्हटले की कोणाचा, असे विचारावे लागते, आणि उत्तर ‘ज्याने सीमा आखली नाही त्याचा’ असे येते. पहिला शब्द चोराचे वर्णन करतो, दुसरा दाराचे. दार दुरुस्त करण्याची जबाबदारी ज्यांची आहे त्यांना पहिला शब्द अधिक सोयीचा वाटल्यास नवल नाही. ह्याच कारणास्तव मराठीत ‘अधिकारदोष’ ही संज्ञा अधिक यथार्थ ठरेल असे वाटते.

४

अहवालातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तंत्रज्ञांच्या दृष्टीने कदाचित गौण असेल. एसएसपोर्टच्या संहितेत संशोधकांना एक विचित्र वाक्य आढळले. ‘ही अक्षरमाला ड्रायव्हरकडून आलेली आहे’ अशा आशयाचे ते इंग्रजी वाक्य आहे. प्रिंटरच्या कामाशी त्याचा काहीही संबंध नाही. शोध घेता असे दिसून आले की जवळजवळ तेच वाक्य मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर लिहू इच्छिणाऱ्यांच्या मार्गदर्शनासाठी दिलेल्या एका नमुना-प्रकल्पात आहे. बाहेरचा प्रोग्राम आणि ड्रायव्हर ह्यांच्यात मजकुराची देवघेव कशी होते हे शिकविणे हा त्या नमुन्याचा हेतू, आणि ते वाक्य म्हणजे त्यातील उदाहरण. दोन्ही संहितांचे कार्यही बहुतांशी एकच आहे. नमुन्यात मात्र हा दोष नाही, हे अहवालाने स्पष्टपणे नोंदविले आहे.

व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकातील ‘राम आंबा खातो’ हे वाक्य एखाद्याने तहसील कचेरीत द्यावयाच्या अर्जात तसेच राहू द्यावे, असा हा प्रकार आहे. हसू येण्यासारखा असला तरी संहिताचिकित्सेच्या दृष्टीने तो अमोल पुरावा ठरतो. दोन हस्तलिखितांत एकच निरर्थक पाठ आढळला तर ती एकाच घराण्यातील असली पाहिजेत, हा चिकित्सेचा मूलभूत नियम होय. अर्थपूर्ण साम्य योगायोगाने येऊ शकते, निरर्थक साम्य सहसा येत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे कार्य झाले त्याचा पाया अशाच तुलनेवर रचलेला होता, आणि विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनी १९३३ मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्या तुलनेची जी शिस्त घालून दिली ती आजही मार्गदर्शक आहे. एसएसपोर्टमधील ते वाक्य असेच घराणे सांगणारे आहे.

परंतु वंशावळ लावताना अहवालकर्त्यांनी चिकित्सेची पूर्ण शिस्त पाळली आहे असे म्हणता येत नाही. एचपीने हा ड्रायव्हर स्वतः न लिहिता नमुन्यावरून उतरविला असावा, असे त्यांचे अनुमान आहे. कालक्रम पाहता ह्या अनुमानाला अडचण येते. ड्रायव्हर २००५ पासूनचा. सॅमसंगचा प्रिंटर-व्यवसाय विकत घेण्याचा निर्णय एचपीने २०१६ मध्ये जाहीर केला, आणि तो व्यवहार २०१७ मध्ये पूर्ण झाला. सॅमसंगचे आणि झेरॉक्सचे प्रिंटर ह्याच फाइलीवर चालत होते. तेव्हा पहिली प्रत एचपीच्या घरी न निघता सॅमसंगच्या घरी निघाली आणि एचपीकडे ती खरेदीबरोबर आली, हे अनुमान अधिक संभवनीय ठरते. फाइलीच्या नावातील आरंभीची अक्षरेही त्याला अनुकूल आहेत. अहवालाने शेवटच्या मालकाला पहिला लेखक मानले. हस्तलिखिताच्या शेवटच्या संग्राहकाला त्याचा लिपिकार मानण्यासारखी ही चूक होय.

ही दुरुस्ती केवळ ऐतिहासिक नाही. दोष एका घराच्या निष्काळजीपणातून आला असे मानले तर त्या घराने पाठ दुरुस्त केला की काम संपते. तो तीन घरांतून फिरत आला असे मानले तर निराळाच प्रश्न उभा राहतो. नमुन्यावरून पहिली प्रत काढणाऱ्याने एक बदल केला आणि दोष निर्माण झाला. दुसऱ्याने ती आपल्या नावाने वितरित केली. तिसऱ्याने संपूर्ण व्यवसायाबरोबर तिचा ताबा घेतला. ह्या प्रत्येक वळणावर संहिता पुन्हा एकदा वाचण्याची संधी होती. व्यवसाय विकत घेताना कारखान्यांची, पेटंटांची, मालाच्या साठ्याची मोजदाद होते. काही किलोबाइटांच्या जुन्या ड्रायव्हरची एक ओळ वाचणे मात्र कोणाच्याही यादीत नव्हते.

५

‘त्रयस्थ’ ह्या शब्दाविषयीही येथे विचार करणे इष्ट ठरेल. ऑपरेटिंग सिस्टिमचा निर्माता पहिला पक्ष, वापरकर्ता दुसरा, आणि ह्या दोघांखेरीज जो कोणी सॉफ्टवेअर पुरवितो तो तिसरा, अशी इंग्रजीतील कल्पना आहे. मराठीत ‘त्रयस्थ’ म्हणजे केवळ तिसरा नव्हे. तो अलिप्त, व्यवहारात हितसंबंध नसलेला, म्हणूनच निवाडा करण्यास योग्य असा मनुष्य होय. प्रिंटरच्या ड्रायव्हरला त्रयस्थ म्हटल्याने अर्थाचा विपर्यास होतो. एसएसपोर्ट वापरकर्त्याला न विचारता व न कळविता स्थापित होत असे, प्रिंटर केबलने जोडलेला असो की बिनतारी असो, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना गाभ्यात दाखल होत असे. प्रिंटर जोडलेला नसला तरी त्याची हजेरी चुकत नसे. शिवाय विंडोजच्या अद्ययावतीकरणाच्या मार्गानेही तो काही संगणकांवर पोहोचू शकत होता. म्हणजे पहिल्या पक्षाने आपल्या हाताने आणून आत बसविलेला हा तिसरा. त्याला परका म्हणून पहिल्या पक्षाने हात झटकणे न्याय्य नव्हे.

ह्या संदर्भात डिजिटल स्वाक्षरीचा प्रश्नही उपस्थित होतो. ड्रायव्हरवरील स्वाक्षरी तो कोणाकडून आला आणि वाटेत बदलला गेला नाही, एवढेच सांगते. आतील मजकूर कोणी वाचला, हे ती सांगत नाही. शिक्का खरा आहे की खोटा, ह्याची परीक्षा आणि पत्रातील मजकूर योग्य आहे की अयोग्य, ह्याची परीक्षा ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली यंत्राकडून होते. दुसरीला वाचक लागतो.

पहिल्या पक्षाची संहिता निर्दोष असते असाही समज करून घेण्याचे कारण नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने जे मार्ग वापरले त्यांत विंडोजच्या स्वतःच्या मुद्रणव्यवस्थेतील एक छिद्र होते. आणि ज्या जुलै २०२१ मध्ये एसएसपोर्टवरील अहवाल प्रसिद्ध झाला, त्याच महिन्यात ‘प्रिंटनाइटमेअर’ ह्या नावाने गाजलेल्या, विंडोजच्याच प्रिंट स्पूलरमधील दोषावर मायक्रोसॉफ्टला तातडीने उपाय करावा लागला. मुद्रण हे संगणकाचे अत्यंत जुने आणि म्हणूनच अत्यंत दुर्लक्षित असे काम आहे. कागद बाहेर पडला की त्याविषयी कोणी विचार करीत नाही.

६

आता अहवालाच्या शैलीविषयी. त्याच्या शीर्षकात हा दोष सोळा वर्षे दडून राहिला होता असे म्हटले आहे. लपणे ही हेतुपूर्वक केलेली क्रिया होय. एसएसपोर्ट लपलेला नव्हता. असंख्य संगणकांवर तो आपल्या नावाने उघडपणे बसलेला होता. किंबहुना त्याचा शोधही कसून घेतलेल्या मागातून लागलेला नाही. संशोधक एक नवा प्रिंटर जोडून घेत असता, चालू प्रक्रिया दाखविणाऱ्या एका साधनाने २००५ सालच्या ड्रायव्हरची सूचना दिली, आणि त्यांनी ती सूचना दुर्लक्षिली नाही. ह्यात संशोधकांचे श्रेय कमी होत नाही, उलट वाढते. पण ‘दडलेला’ ह्या रूपकाने न वाचणाऱ्यांना सवलत मिळते. लपलेली वस्तू सापडली नाही ह्यात कोणाचा अपराध नसतो. समोर असलेली वस्तू सोळा वर्षे कोणी पाहिली नाही, ह्याचे उत्तर मात्र द्यावे लागते.

दुसऱ्या बाजूने कंपनीच्या सूचनेतील भाषा तपासावी. काही विशिष्ट उत्पादनांच्या ड्रायव्हरमध्ये ‘संभाव्य’ असे बफर ओसंडणे असून त्यामुळे अधिकारवृद्धी ‘घडू शकेल’, असा तिचा मथितार्थ आहे. ह्या रचनेत दोन संभावना एकावर एक ठेवलेल्या आहेत आणि कर्ता कोठेही नाही. कोणी लिहिले, कोणी तपासले, कोणी वितरित केले, ह्यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. ओसंडणे ही पावसाप्रमाणे आपोआप होणारी गोष्ट असावी, तसे ते वाक्य वाचताना वाटते. कायद्याच्या सल्ल्याने लिहिलेल्या वाक्याकडून अधिक अपेक्षा करू नये हे खरे. तथापि अशी कर्तृलोपी वाक्ये वारंवार वाचून वाचकाची कर्ता शोधण्याची सवयच मोडते, ही हानी लहान नाही.

तीव्रतेच्या आकड्याविषयीही तारतम्य राखणे अगत्याचे आहे. ८.८ हा आकडा भीतिदायक वाटतो. परंतु अहवालकर्त्यांनी प्रामाणिकपणे असे नमूद केले आहे की उपलब्ध वेळेत केवळ ह्या एका दोषाचा शस्त्रासारखा उपयोग करण्याची रीत त्यांना सापडली नाही, त्याला अन्य दोषांची जोड द्यावी लागेल. आणि प्रत्यक्ष दुरुपयोग झाल्याचा पुरावाही तोपर्यंत त्यांच्या नजरेस आलेला नव्हता. ही कबुली शीर्षकाइतक्या ठळक अक्षरांत नाही, हे खेदाने म्हणावे लागते. तरीही ती दिली गेली ह्याबद्दल अहवालाची प्रशंसा केली पाहिजे. संशोधकांच्या वर्तनातील आणखी एक गोष्ट अनुकरणीय आहे. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांनी कंपनीला कळविले, १९ मे रोजी कंपनीने दुरुस्ती उपलब्ध करून दिली, आणि त्यानंतर दोन महिने थांबून त्यांनी तपशील प्रसिद्ध केला. ज्ञान प्रकट करावयाचे, पण त्याने इतरांची हानी होणार नाही अशा वेळी, हा विवेक त्यात दिसतो.

७

ह्या सर्व ऊहापोहाचे विद्यापीठातील वाचकाला प्रयोजन काय, असा प्रश्न विचारला जाईल. विभागातील किंवा ग्रंथालयातील संगणक अनेकांच्या वापरात असतो. विद्यार्थी मर्यादित अधिकारांच्या खात्याने त्यावर काम करतो, आणि त्याच यंत्रावर दुसऱ्याचा अप्रकाशित प्रबंध, क्षेत्रकार्यात जमविलेल्या मुलाखती, कदाचित परीक्षेची कागदपत्रेही असतात. ह्या सर्वांमधील भिंत म्हणजे अधिकारांची सीमा. ती सीमा गाभा राखतो, आणि गाभ्यात प्रिंटरचा ड्रायव्हर राहतो. म्हणून तो ड्रायव्हर वेळच्या वेळी अद्ययावत करणे, आणि ज्या यंत्रावर प्रिंटरच नाही त्यावरून तो काढून टाकणे, ह्या साध्या गोष्टी दुसऱ्याच्या लेखनाच्या संरक्षणाच्या गोष्टी ठरतात.

व्यापक पातळीवरही काही बदल घडून आला आहे. त्रयस्थ म्हणविणाऱ्या प्रिंटर-ड्रायव्हरांचे विंडोजद्वारा होणारे वितरण टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, आणि २०२४ मधील विंडोज ११ च्या आवृत्तीत, कंपन्यांच्या ड्रायव्हरांवाचून सर्वसामान्य प्रमाणित पद्धतीनेच मुद्रण करण्याची सोय उपलब्ध झाली. लिपिकारांची संख्या घटली की प्रमादांची संख्या घटते, ह्या न्यायाने हा उपाय योग्य होय. परंतु त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. अनेक प्रतींऐवजी एकच प्रमाण प्रत सर्वत्र चालू लागली, तर तीत राहिलेला एकच प्रमाद सर्वत्र पोहोचतो. प्रती कमी केल्याने वाचनाची आवश्यकता कमी होत नाही. ती एका ठिकाणी एकवटते.

अहवालाच्या अखेरीस ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना जो उपदेश केला आहे त्यात दोन गोष्टी आहेत. गाभ्याशी बोलण्याची परवानगी कोणाला असावी हे काटेकोरपणे ठरवावे, आणि बाहेरून आलेला मजकूर तपासल्यावाचून स्वीकारू नये. दोन्ही सूचना उत्तम आहेत, आणि दोन्ही ऐकणाऱ्यास उद्देशून आहेत, बोलणाऱ्यास नव्हे. ‘अधिकारवृद्धी’ ह्या संज्ञेने जे झाकले जाते ते ह्या उपदेशाने उघड होते. दोष चढणाऱ्याच्या पायात नसून, ऐकणाऱ्याने आपले माप सोडून बोलणाऱ्याच्या मापाने लिहून घेण्यात आहे, हे अहवालकर्त्यांनाही उपदेश करताना मान्य करावे लागले. संज्ञा बदलली नाही तरी चालेल. तिच्या आड कर्ता नाहीसा होऊ न देणे हे मात्र चिकित्सकाचे काम आहे, मग संहिता ताडपत्रावरची असो की गाभ्यातली.